बाहेरच्या बाहेर

गेल्या पावसाळ्यात सांगलीत एका औषधाच्या दुकानापुढं मी उभी होते. माझ्यापुढं साठी ओलांडलेली एक बाई. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली आणि घडीतून एक ट्यूब. तळापासून गुंडाळत पार तोंडापर्यंत आणलेली, दाबून दाबून चपटी झालेली. "हीच दे बघ. दुसरी नगं," ती काउंटरवरच्या पोराला म्हणाली. पोरानं गुंडाळी सोडवून नाव वाचलं, मागच्या फळीकडं वळला आणि वळता वळताच मोठ्यानं म्हणाला, "कुठं आलंय आजी, गजकर्ण?" त्याच्या विचारण्यात वावगं काही नव्हतं. दिवसातून कितीतरी लोक त्या ट्यूबा नेत असणार, काखेत, जांघेत, मानेवर लावायला. बाई मात्र काही बोलली नाही. पदर आणखी पुढं ओढला, कनवटीचे पैसे मोजून दिले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना एकेक पाय जपून, जरा फाकवून टाकत गेली. गुडघे दुखणाऱ्या बाईचं चालणं तसं नसतं.

मला ते चालणं ठाऊक आहे.

त्या बाईला नक्की काय होत होतं हे मला कळायचं कारण नाही. गजकर्णही असेल. पण ती गुंडाळी, ते "दुसरी नगं" आणि प्रश्नाला न दिलेलं उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कुकर लावताना, रात्री वह्या तपासताना ती मधेच येऊन उभी राहायची. अशीच एक ट्यूब, अशीच तळापासून गुंडाळलेली, माझ्या कपाटात साड्यांच्या मागं कित्येक वर्षं होती. आणि तीही मी अशीच नाव दाखवून, तोंडातून शब्द न काढता आणत होते.

पाळी मागंपुढं व्हायला लागली त्याच्या आसपास कधीतरी खाज सुरू झाली. दिवसभर वर्गावर उभं राहायचं, पोरांचा गलका, घरी आल्यावर स्वयंपाक, या सगळ्यात ती दबून असायची. दिवा मालवून पाठ टेकली की जागी व्हायची. डास चावल्याची खाज खाजवलं की शमते, घामोळ्याची पावडर लावली की निवते. ही खाजवलं की वाढायची आणि खाजवल्याशिवाय राहवायचं नाही. झोपेत हात जायचा आणि सकाळी नखांत रक्त असायचं. मी नखं मुळापासून कापायला लागले. बर्फाचा खडा हातरुमालात गुंडाळून मांड्यांमध्ये धरून अंधारात बसायची. शेजारी नवरा गाढ झोपलेला असायचा आणि त्या झोपेचा मला राग यायचा. पुढं झोंबणं सुरू झालं. लघवीला बसलं की अशी आग व्हायची की मी पाणी पिणं कमी केलं. मग चिरा पडायला लागल्या. पोट साफ झालं नाही की मागच्या बाजूला चीर, स्कूटीवरून जाताना गतिरोधक आला की पुढच्या बाजूला कळ. स्टाफरूममधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी एका कुल्ल्यावर भार टाकून बसायला शिकले. सहकारी बाईंना वाटायचं, मणका गेलाय.

डॉक्टरांकडं गेले. एकाच डॉक्टरांकडं नाही, बऱ्याच ठिकाणी गेले. "खालच्या जागी खाज येते" एवढं वाक्य जुळवायला मला बाहेरच्या बाकावर बसून दम घ्यावा लागायचा आणि ते वाक्य संपायच्या आत समोरचं पेन चालू झालेलं असायचं. अंगावरून पांढरं जातं का? शुगर तपासलीय का? आमच्या भागात पन्नाशीच्या बाईनं खाज म्हटलं की शुगर बघतात, आणि त्यात चूक काही नाही, मधुमेहात बुरशीची खाज येतेच. माझी शुगर ठीक निघायची. तरी बुरशीच्या गोळ्या मिळायच्या, नवऱ्यालाही एक गोळी घ्यायला सांगायचे, आणि ती त्याच्या हातात देताना मला काय वाटायचं ते कुठल्या रिपोर्टात येत नाही. एकीकडं सांगितलं, पाळी जायच्या वयात हे असं होतंच. दुसरीकडं सांगितलं, साबण बदला. चिठ्ठी लिहिणारा हात आणि माझी कातडी यांच्या मधे प्रत्येक वेळी एक टेबल होतं.

एकदा टेबलावर घेतलंही मला. पाय वर, पडदा ओढलेला, दिवा लावलेला. थंड लोखंडी अवजार आत गेलं तेव्हा बाहेरच्या चिरांवर असा ताण आला की मी ओरडले. "अंग सैल सोडा हो, एवढी बाळंतपणं केलेल्या बाई तुम्ही." आतलं सगळं बघून झालं, पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींचा नमुना, घेतला, आठवड्यानं रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. मनाला लावून घेऊ नका, असं सांगून एक शांत झोपेची गोळी लिहून दिली. मी रिक्षानं घरी आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि खरोखरच माझं मन तपासायला लागले.

त्या सगळ्या औषधांत एकच गोष्ट गुण द्यायची. ती ट्यूब. लावली की तिसऱ्या रात्री झोप लागायची. संपली की महिन्याभरात सगळं परत.

ज्यांनी मला सोडवलं त्या त्वचारोगाच्या डॉक्टर. त्यांच्याकडं मी गेले होते टाचेच्या भेगांसाठी. आधीची औषधं विचारताना त्यांनी पर्समधल्या ट्यूबचं नाव वाचलं आणि विचारलं, ही कुठं लावता? मी सांगितलं. किती दिवस? मी सांगितलं. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चला, बघू या." आत नेलं, दिवा जवळ ओढला, स्टुलावर बसल्या आणि बघितलं. अवजार नाही, काही नाही. नुसतं बघितलं. मिनिटभरही लागलं नसेल. मग मला विचारलं, "तुम्ही बघितलंय कधी?" आणि हातात एक आरसा दिला.

रोग डोळ्यांना दिसणारा होता.

मायांगाची, म्हणजे योनीच्या तोंडाबाहेरच्या सगळ्या भागाची, कातडी पांढरी पडली होती. कोडासारखी सपाट पांढरी नव्हे; लसणाच्या पापुद्र्यासारखी, पातळ, सुरकुतलेली, उजेडात चकाकणारी. मधे मधे रक्त साकळल्याचे जांभळट ठिपके. पांढरेपणा पुढून निघून मागच्या बाजूला गुदद्वाराभोवती गेला होता, इंग्रजी आठाच्या आकड्याचा आकार करत. डॉक्टर शेजारी उभ्या राहून बोटानं दाखवत होत्या, भूगोलाच्या तासाला मी नकाशा दाखवते त्या शांतपणे. हे लहान ओठ इथं असायला हवे होते, ते मोठ्या ओठांना चिकटून सपाट झालेत. क्लिटोरिसवरची घडी इथं जुळून गेलीय, म्हणून ती दिसत नाही, पण आत आहे. आणि तोंड इथं आवळत चाललंय, म्हणून संबंधांच्या वेळी खालच्या कडेला चीर पडते. "पडते ना?" त्यांनी विचारलं. मी आरसा धरून आडवी पडले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. मला इतकी वर्षं जे होत होतं ते एका अनोळखी बाईनं न सांगता ओळखलं होतं. त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. जे गेलंय ते परत येणार नाही, हे कळून जे वाटलं ते घरी आल्यावर.

लायकेन स्क्लेरोसस असं याचं नाव. कातडीचा, जुनाट, सूज आणणारा आजार. संसर्गाचा नाही, नवऱ्याकडून आलेला नाही, नवऱ्याला होणार नाही, अस्वच्छतेनं झालेला नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते असं मानतात, आणि ज्यांना थायरॉइडचा तसला आजार आहे अशा बायकांत तो जास्त दिसतो. मी पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते हे माझ्या प्रत्येक केसपेपरवर लिहिलेलं होतं. पाळी गेल्यानंतरच्या बायका आणि पाळी यायच्या आधीच्या लहान मुली, या दोन वयांत तो मुख्यतः दिसतो. मधल्या वयातही होतो. पुरुषांनाही होतो, पण बायकांच्या मानानं कमी. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही: हा आजार बाहेरच्या कातडीचा आहे, योनीमार्गाच्या आतल्या अस्तराला तो सहसा शिवतही नाही. म्हणजे अवजार घालून आत जे बघितलं ते नॉर्मल असणारच होतं. पॅप स्मिअर नॉर्मल येणारच होता. आत जायच्या वाटेवर, दिव्याच्या झोतात, तो समोर होता.

नवा आजार असता तर मी समजून घेतलं असतं. १८८५ साली प्रागच्या ऑगस्ट ब्राइस्की या स्त्रीरोगतज्ज्ञानं मायांगाची कातडी सुकून आकसत जाण्याचं वर्णन केलं. १८८७ साली पॅरिसचा त्वचारोगतज्ज्ञ आंरी आलोपो यानं याच आजाराबद्दल आपल्या अंगानं लिहिलं. स्त्रीरोगवाल्यांचं एक नाव, कातडीवाल्यांचं दुसरं; पुढं कितीतरी दशकं एकाच बाईचं एकच दुखणं दोन वेगवेगळ्या कपाटांतल्या पुस्तकांत राहिलं. पांढरं दिसतंय म्हणजे पुढं कर्करोग होणार, या धास्तीनं विसाव्या शतकात कित्येक बायकांचं मायांगच शस्त्रक्रियेनं कापून काढलं गेलं, आणि कापलेल्या जागेच्या कडेला आजार पुन्हा उगवायचा. १९७६ मध्ये या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ही जुनी नावं मोडीत काढून एक नाव ठरवलं. मी ते वाचत होते तेव्हा त्या कापलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव कुठं नव्हतं, ज्यांनी कापलं त्यांची होती. मला त्या बायकांची फार आठवण येते, त्यांना मी कधी भेटले नाही तरी.

आता ट्यूबबद्दल. या आजारावरचं पहिल्या पसंतीचं औषध म्हणजे क्लोबेटासॉल, ०.०५ टक्क्यांचं, तीव्र ताकदीचं स्टिरॉइड मलम. माझ्या कपाटातल्या ट्यूबमध्ये तेच होतं. फक्त त्याच्यासोबत बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक घालून तिन्हीचा काला केलेला होता. आपल्याकडं असले काले फार खपतात. गजकर्णाला लावतात, लावल्यावर खाज लगेच थांबते म्हणून लोक खूश होतात, आणि आत बुरशी दबून पसरत राहते. कातडीचे डॉक्टर त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत आहेत. २०१८ मध्ये सरकारनं बरीचशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या यादीत घातली. त्या दुकानातल्या आजीकडं मात्र चिठ्ठी कुणी मागितली नाही. हा उलटा न्याय मी डोक्यात कितीदा घोळवला. ज्यांनी ते लावू नये ते डब्यानं लावतात. आणि जिला ते खरंच हवं आहे तिला ते चुकून, अर्धवट, भलत्या औषधांत मिसळून, नाव नसलेल्या आजारासाठी मिळतं. बरं वाटलं की थांबवायला लावतात, आणि थांबवलं की आजार आपली वाट पुढं कापतो. मलम लावायचं हे माझ्या आधीच्या कुठल्याच चिठ्ठीत चुकलेलं नव्हतं. कशासाठी आणि किती दिवस, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी बघितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आधी एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, खात्रीसाठी. मग नुसतं मलम दिलं, काला नाही. क्रीम नव्हे, चिकट मलम. क्रीमनं जास्त झोंबतं. महिनाभर रोज रात्री, दुसरा महिना एका रात्रीआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. बोटाच्या टोकावर किती घ्यायचं ते स्वतः दाखवलं. तीस ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी. फार लवकर संपली तर जास्त लावताय, पुरून उरली तर घाबरून कमी लावताय. साबण बंद, डेटॉल तर अजिबात नाही, नुसतं पाणी आणि वरून व्हॅसलीनसारखं काहीतरी साधं. त्यानंतर आयुष्यभर, कमी प्रमाणात, पण सोडायचं नाही. "स्टिरॉइड" ऐकून मी चपापले. ट्यूबच्या खोक्यातल्या कागदावर तर छापलेलं असतं, नाजूक जागी लावू नये. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, हा कागद गजकर्णवाल्यांसाठी आहे. इथली कातडी आजारानं पातळ झालीय, औषधानं ती सावरेल. भीती औषधाची धरू नका, औषध सोडण्याची धरा.

ती भीती खरी आहे. उपचार न करता राहिलेल्या थोड्या बायकांत, शंभरात पाचाहून कमी असं धरतात, त्या जागी कर्करोग होऊ शकतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ५०७ बायकांचा अनेक वर्षांचा अभ्यास छापला. सांगितल्याप्रमाणं नेटानं मलम लावणाऱ्या ३५७ जणींत एकीलाही कर्करोग किंवा त्याची आधीची पायरी आढळली नाही. मधे मधे सोडणाऱ्या १५० जणींत या दोन्हींपैकी काही ना काही सात जणींना आढळलं. हे आकडे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. मोठं काही अवजार लागत नाही, परदेशी औषध लागत नाही. गल्लीतल्या दुकानात मिळणारं, एका वेळच्या भाजीबाजाराच्या पैशांत येणारं मलम, आणि ते कुणाला द्यायचं हे ओळखणारा माणूस.

नवऱ्याला सांगायला मला औषध सुरू झाल्यानंतरही बरेच दिवस लागले. आमच्यात कित्येक वर्षं काही नव्हतं. सुरुवातीला मी दात आवळून घ्यायची, दुसऱ्या दिवशी चाललं की चीर उकलायची. मग सबबी. पेपर तपासायचेत, डोकं दुखतंय, पोरगी अजून जागी आहे. मग त्यानं विचारणं सोडलं. न बोलता दोघांनी ठरवून टाकलं की आता वय झालं. पन्नाशीची बाई अंथरुणात काय गमावते याचं कुणाला सोयरसुतक नसतं. डॉक्टरही विचारत नाहीत, बहिणी विचारत नाहीत, आणि आपणही स्वतःला सांगतो की सुटलो. मी सुटले नव्हते. मला हवं होतं, आणि दुखत होतं, आणि या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असतात हे मला सांगता आलं नाही. मी त्याला बसवून मोबाइलवर आजाराचे फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे तुला मी नकोसा नव्हतो," तो म्हणाला. एवढंच. मला त्याच्या झोपेचा जो राग यायचा तो आठवला. त्यालाही त्याच काळात शेजारी पडून काहीतरी कुरतडत होतं, आणि त्याच्यासाठी तर ट्यूबही नव्हती.

खाज गेली. पहिल्या महिन्यातच गेली. चिरा भरल्या. कातडी मऊ झाली, थोडा रंगही परतला. तोंड आवळलेलं होतं ते हळूहळू, तेल आणि धीर वापरून, पुष्कळसं सैल झालं. जुळून गेलेली घडी मात्र जुळलेलीच आहे. सपाट झालेलं ते सपाट राहणार. मलम आजाराला थांबवतं, त्यानं मोडलेलं पुन्हा बांधत नाही. बऱ्या दिवसांतही मला मधेच याचं फार वाईट वाटतं. कुणाला दिसणार नाही अशा जागेचं रूप गेलं म्हणून इतकं काय, असं कुणी म्हणेल. माझं होतं ते. पहिल्या वर्षीच कुणी दिवा जवळ ओढून बघितलं असतं, तर अजून असतं.

माझ्या आत्याबद्दल मला लिहायलाच हवं. कवठ्याच्या आमच्या घरी ती असायची, तरणेपणी विधवा झालेली, माझ्या लहानपणी पन्नाशीच्या पुढची. मागल्या दारी न्हाणी होती आणि मध्यरात्री तिथं तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज यायचा. आम्ही पोरं सोप्यात झोपायचो. पोरांना वाटायचं आत्या रात्री देव देव करते. दिवसा ती कडुलिंबाचा पाला उकळायची, तुरटी उगाळायची, त्या पाण्यात बसायची. आजी म्हणायची, तिच्या अंगात उष्णता फार. एकदा कपडे वाळत घालताना आईनं आजीला काहीतरी हळू विचारलं आणि आजीनं तोंडावर बोट ठेवलं. नंतर मोठेपणी आईनं सांगितलं की आत्याला "तिथं" पांढरं आलं होतं, आणि आजीला ते कोड वाटलं होतं. घरात लग्नाच्या पोरी होत्या. कोडाचा संशय बाहेर गेला असता तर सोयरिकी मोडल्या असत्या, म्हणून वैद्यालाही दाखवलं नाही. कोडात कातडीचा फक्त रंग जातो, कातडी जशीच्या तशी राहते आणि सहसा खाजत नाही. आजीनं नीट विचार केला असता तर तिला हे कळलं असतं, अशी खाज कोडानं येत नाही. पण त्या घरात विचार करायचा तो चार पोरींचा होता, एका विधवेच्या मांड्यांमधल्या कातडीचा नव्हता. आत्या गेली तेव्हा मी कॉलेजात होते. आता तिला काय होतं ते तपासायला कुणी उरलं नाही. तो तांब्याचा आवाज मात्र मला आता वेगळा ऐकू येतो.

दुकानातली बाई डोक्यातून जाईना, त्यातून एकच बरी गोष्ट निघाली. माझी नणंद तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. दिवाळीला आली होती. करंज्या तळून झाल्यावर, बाकीची मंडळी बाहेर पत्त्यांना बसली तेव्हा, मी तिला स्वयंपाकघरातच सगळं सांगितलं. तिनं मला मधे थांबवलं नाही. मग तिनं तिच्या कामाचं सांगितलं. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची असते. बाईला टेबलावर घ्यायचं, दिवा लावायचा, अवजार घालायचं, आत गर्भाशयाच्या मुखाला ॲसिटिक ॲसिडचं पातळ पाणी लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि कुठं पांढरं उठतंय का बघायचं. पांढरं उठलं तर पुढं पाठवायचं. बोलता बोलता ती स्वतःच थांबली.

"म्हणजे वहिनी, आम्ही आत पांढरं शोधतो," ती म्हणाली, "आणि बाहेरचं पांढरं तर आधीच डोळ्यांपुढं असतं."

तिनं आठवून सांगितलं, अशा दोन-तीन बायका तिला नक्की आठवतात. अवजार घालताना किंचाळलेल्या. वय झालंय, कोरडं पडलंय, असं म्हणून सोडून दिलेल्या. प्रशिक्षणात बाहेरच्या कातडीबद्दल कुणी शिकवलं नव्हतं, तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. मी तिला म्हटलं, रकाना नसू दे. अवजार उचलायच्या आधी अर्धं मिनिट नुसतं बघायचं. कातडी पांढरी, चकाकती, चिरलेली दिसली तर विचारायचं, रात्री खाज येते का. हो म्हणाली तर कातडीच्या डॉक्टरांकडं जायला चिठ्ठी द्यायची. टेबलावर चढायला बाईनं जेवढं धैर्य गोळा करायचं तेवढं तिनं आधीच केलेलं असतं. दिवा लावलेला असतो. पडदा ओढलेला असतो. यासाठी सरकारला एक पैसा जास्त घालायचा नाही.

ती फोटो मागत होती. मी माझ्या डॉक्टरांकडून मिळालेली चित्रं तिच्या मोबाइलवर पाठवली. तिनं ती मोठी करून, तेलकट बोटं पदराला पुसत, एकेक बघितली. मग विचारलं, पोरींना पण होतं म्हणालात ना? मी म्हटलं, होतं. पाच-सात वर्षांच्या मुलींना होतं. तिथं रक्त साकळलेलं, चिरलेलं दिसतं म्हणून कधी कधी कुणी मुलीशी वाईट केलं असा संशय घरातल्यांवर येतो. तो संशय कधी खराही असू शकतो, म्हणून दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या माणसानंच बघायला हवं. आणि मुलगी खाजवत असली की आया हातावर चापट मारतात, घाण सवय म्हणून. नणंद शाळांच्या आरोग्य तपासणीलाही जाते. तिथं मुलींना कपडे काढून तपासत नाहीत, काढूही नयेत. पण आयांच्या सभेत बोलता येईल, असं ती म्हणाली. कसं सुरू करायचं ते तिला सुचत नव्हतं. मी कागद आणला. बाहेरून पत्त्यांच्या डावातली भांडणं ऐकू येत होती, आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून पहिलं वाक्य लिहायला लागलो: "तुमची मुलगी रात्री खाली खाजवत असेल तर तिला मारू नका, आधी दिव्याच्या उजेडात बघा."